घरातला सर्व्हर : सतत जागं राहणाऱ्या यंत्राची गोष्ट



बँकेत पासबुक भरायला जा, तिकीट काढायला जा, नाहीतर तलाठ्याच्या कचेरीत उतारा मागायला जा. एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सर्व्हर डाउन आहे." आपल्यापैकी बहुतेकांना सर्व्हर हा शब्द असा तो बंद पडल्यावरच कळला. चालू असताना त्याची कोणी विचारपूस करत नाही. पहाऱ्यावरच्या जवानाचंही तसंच असतं. तो जागा असतो तोवर छावणीतल्या कोणाला त्याची आठवण येत नाही.

या मालिकेत मी बहुतेक वेळा मोहिमा आणि रसद यांबद्दल बोलतो. आज या यंत्राचा इतिहास सांगणार आहे, आणि तोही एका बाजूने. सर्व्हर मुळात घरात होता, मग तो घराबाहेर का गेला आणि आता परत का येतो आहे, एवढाच प्रश्न घेऊ.

मी सिग्नल्सचा माणूस. आमची कोअर १५ फेब्रुवारी १९११ रोजी उभी राहिली. तिचं ब्रीद 'तीव्र चौकस'. वेगवान आणि सावध, असा त्याचा अर्थ. सर्व्हरची व्याख्या करायची तर हे दोन शब्द पुरेसे आहेत. सर्व्हर म्हणजे काही खास जातीचं यंत्र नाही. तुमच्या टेबलावरचा संगणकही सर्व्हर होऊ शकतो. फरक कामाचा आहे. साधा संगणक मालक बसला की उठतो आणि मालक उठला की झोपतो. सर्व्हर मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी हाकेची वाट बघत जागा असतो. हाक आली की मागितलेली वस्तू काढून देतो आणि परत वाट बघतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरची ड्युटी, तीच ही.

आता चला १९७८ च्या शिकागोला. जानेवारीत तिथे मोठं हिमवादळ झालं आणि लोक घरात अडकले. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे दोन हौशी गृहस्थ एका संगणक क्लबचे सभासद. क्लबच्या सूचना फळ्यावर लावतात तशा संगणकावर लावल्या आणि फोन करून त्या वाचता आल्या तर, अशी कल्पना त्यांना सुचली. क्रिस्टेन्सनने सॉफ्टवेअर लिहिलं, स्यूसने यंत्र जोडलं. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी ते लोकांसाठी सुरू झालं. नाव सीबीबीएस, म्हणजे संगणकावरचा सूचनाफलक. एका वेळी एकच माणूस फोन लावू शकायचा. त्याने फोन ठेवला की दुसऱ्याचा नंबर.

हे यंत्र कुठे होतं? स्यूसच्या घरी. त्याचं कारण मोठं व्यवहारी आहे. स्यूस शिकागो शहरात राहत होता, त्यामुळे शहरातल्या कोणालाही तिथे फोन करायला लांब पल्ल्याचे पैसे पडत नव्हते. सर्व्हर कुठे ठेवायचा हे यंत्राची ताकद बघून ठरत नाही, तिथवर पोचणारी तार काय भावाने मिळते यावर ठरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे आपल्या देशातही तोच येणार आहे.

त्यानंतर अमेरिकेत घरोघरी असे फलक उभे राहिले. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने ते एकमेकांना जोडायची युक्ती काढली. तिचं नाव फिडोनेट. रात्री फोनचे दर उतरले की एका घरातला संगणक दुसऱ्या घरातल्या संगणकाला फोन लावायचा आणि दिवसभर साठलेली पत्रं पुढे ढकलायचा. आपल्याकडेही रात्री उशिरा एसटीडीचा दर पाव व्हायचा आणि बूथबाहेर रांगा लागायच्या, ते आठवा. नव्वदच्या दशकात फिडोनेटवर तीस हजारांहून अधिक यंत्रं होती, आणि त्यातली बहुसंख्य हौशी लोकांच्या घरात. कोणी पगार देत नव्हतं. वीज स्वतःची, फोनचं बिलही स्वतःचंच.

इंटरनेटचं वळण वेगळं होतं, पण त्यातही पहिला वेब सर्व्हर एका टेबलावरच होता. जिनिव्हाजवळ सर्न ही भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या शेवटी आपल्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर पहिला वेब सर्व्हर चालू केला. यंत्रावर एक कागद चिकटवला आणि लाल शाईने लिहिलं की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. झाडलोट करायला येणाऱ्या माणसाने रात्री बटण दाबलं असतं, तर सगळं जागतिक वेब तेवढ्या वेळापुरतं बंद झालं असतं. त्या काळी सर्व्हरची सुरक्षा एवढ्या एका चिठ्ठीवर होती. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला विनामूल्य वापरायला दिलं.

घरी सर्व्हर उभारायला लागणारं साहित्यही याच सुमाराला तयार झालं, आणि तेही बहुतांश विद्यार्थ्यांच्या हातून. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये घरच्या ३८६ संगणकावर लिनक्सची सुरुवात केली. त्याच हिवाळ्याच्या आसपास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल पीएचडी करत होता. आपल्या साध्या पीसीवरून युनिक्स यंत्रावरच्या फाइली उघडाव्यात म्हणून त्याने एक सॉफ्टवेअर लिहिलं. तेच पुढे सांबा झालं. आज घरातल्या हार्ड डिस्कवरचे फोटो टीव्हीवर दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हे सांबा असतं. १९९५ मध्ये अपाची हा वेब सर्व्हर आला. हे तिन्ही फुकट आणि उघडे, कोणीही वाचावेत आणि दुरुस्त करावेत असे.

म्हणजे १९९५ साली साधन होतं आणि कौशल्यही होतं. मग आपल्याकडे घरोघरी सर्व्हर का उभे राहिले नाहीत?

भारतात शैक्षणिक जाळं होतं. १९८६ पासून अर्नेट होतं. आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी त्यात होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. जोडणी विकली जायची तासांवर. वर्षाचे २५० तास, असा हिशेब असायचा. आता वर्षात तास किती असतात? ८,७६०. त्यातले २५० म्हणजे शंभरातले तीनसुद्धा नाहीत. शंभर तासांपैकी सत्त्याण्णव तास झोपणाऱ्याला पहारेकरी कोण म्हणेल? शिवाय इंटरनेट चालू असताना घरचा फोन अडकलेला असायचा आणि वर टेलिफोनचं मीटर वेगळं पडायचं. शिकागोत शहरातला फोन स्वस्त म्हणून सर्व्हर घरात राहिला. आपल्याकडे तार महाग म्हणून तो घरात आलाच नाही. आपल्या मुलांना हुशारी कमी होती, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा २५० तासांचा आकडा दाखवा.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची मुभा मिळाली. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या झाली, २५६ किलोबिट प्रतिसेकंद. तार आता दिवसभर चालू राहू लागली. पण टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड मुळातच एकाकडे झुकलेलं होतं. घरात येणारा रस्ता रुंद, घराबाहेर जाणारा अरुंद. तुम्ही घ्यायचं, द्यायचं नाही, हे तारेतच ठरलेलं.

त्याहून मोठी अडचण पत्त्याची झाली. ही जरा नीट समजून घेऊ.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. १९८१ मध्ये ठरलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. त्या वेळी ते अमाप वाटले. १९९४ मध्येच तुटवड्याची चाहूल लागली आणि नॅट नावाची तोड निघाली. अनेक यंत्रांनी मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरायचा. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा राखीव भागावर आला. त्यानंतर भारतात कोट्यवधी लोक मोबाइलवर आणि फायबरवर आले. इतके पत्ते आणायचे कुठून? म्हणून सेवा देणाऱ्या कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एक पत्ता द्यायला सुरुवात केली.

फौजी कुटुंबांना हे चटकन कळेल. आमचा पत्ता असायचा 'केअर ऑफ ५६ एपीओ'. जवान सियाचीनला असो की त्या भागातल्या दुसऱ्या ठाण्यावर, पत्ता तोच. घरचं पत्र बरोबर पोचायचं, पण तो पत्ता वाचून कोणी पाहुणा दारात येऊ शकत नसे, आणि येऊ नये म्हणूनच ती व्यवस्था होती. कंपनीच्या नॅटमागचं घर असंच असतं, उलट नियम आणखी कडक. तुम्ही आधी पत्र टाकलं तरच त्याचं उत्तर आत येतं. बाहेरून आपण होऊन आलेलं पत्र फाटकावरच परत जातं. अशा घरात सर्व्हर ठेवून उपयोग काय? हाक द्यायला कोणी पोचूच शकत नाही.

याच वर्षांत दुसरीकडे मोठी कोठारं उभी राहत होती. गूगलची सुरुवातीची यंत्रंसुद्धा स्टॅनफर्डमध्ये लेगोच्या ठोकळ्यांनी बनवलेल्या खोक्यात होती आणि १९९८ मध्ये ती कंपनी एका गॅरेजमधून चालत होती. २००४ मध्ये जीमेलने १ गिगाबाइट जागा फुकट दिली. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवणूक आणि संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली. वीज, थंडावा, पहारेकरी, पत्ता, सगळं त्यांचं. आपण फक्त चाव्या घ्यायच्या. ही सोय खोटी नव्हती, आजही नाही. आपले छोटे उद्योग तिच्यावरच उभे राहिले.

पण भाड्याचं घर ते भाड्याचंच. ऑर्कुट आठवतं? आपल्याकडच्या एका पिढीने मैत्री, कविता, गावाकडच्या गप्पा, सगळं तिथे लिहिलं. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं. त्याआधी २००९ मध्ये जिओसिटीज गेलं. लोकांनी हाताने बनवलेली लाखो पानं होती तिथे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण थांबली. यात कोणी कोणाला फसवलं असं मी म्हणत नाही. मुदत दिली होती, सूचना दिल्या होत्या. घरमालकाने जागा सोडायला सांगितली, एवढंच. पण ज्यांच्या सूचना नजरेतून सुटल्या, किंवा जी माणसं तोवर या जगातच नव्हती, त्यांचं लिहिलेलं कोण उचलणार होतं?

इथून परतीचा प्रवास सुरू होतो. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती सर्व्हरसाठी खास विंडोज बाजारात आणलं. त्याच्या प्रचारासाठी लहान मुलांच्या गोष्टीच्या थाटात एक गमतीदार पुस्तिकाही काढली. आपल्या घरात सर्व्हर का आहे, असं त्यातलं मूल आईला विचारतं. ते उत्पादन फार काळ टिकलं नाही, पण प्रश्न टिकला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजहून रास्पबेरी पाय आला, पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, किंमत ३५ डॉलर. २०१५ च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्टने वेबसाइटचं कुलूप, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्र, फुकट द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये नेक्स्टक्लाउड आलं. फोटो, फाइली, दिनदर्शिका, सगळं आपल्याच यंत्रावर ठेवायचं सॉफ्टवेअर. पत्त्याच्या कोंडीवर दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत, जिच्यात पत्ते संपायची भीती नाही. भारतात आज निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांकडे ती पोचली आहे. दुसरी वाट बोगद्याची. घरातलं यंत्र स्वतःच बाहेर फोन लावतं आणि ती लाइन उघडी ठेवतं, मग आपली माणसं त्याच लाइनवरून आत येतात. फिडोनेटचीच युक्ती, फक्त आता दर बघून रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही.

आता माझ्या घराचं सांगतो. मी इंदूरला स्थायिक आहे. घरात जिन्याखाली एक जुना छोटा संगणक सर्व्हर म्हणून चालतो. त्यावर माझ्या वडिलांची पत्रं आहेत, आईच्या आवाजातल्या ओव्या आहेत आणि चाळीस वर्षांचे फोटो आहेत. नोकरीत काळ्या ट्रंकांमधून हे सामान गावोगाव फिरलं, आता ते स्कॅन होऊन एका जागी आहे. बडोद्याचा धाकटा भाऊ आणि बंगळुरूची मुलगी आपापल्या घरून ते उघडतात. मोठे व्यवसाय, बँका, इस्पितळं यांचे सर्व्हर घरात असावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी बोलतो आहे ते कुटुंबाच्या दप्तराबद्दल.

तुम्हाला असा सर्व्हर उभारायचा असेल, तर हिशेब चार आहेत.

पहिला विजेचा. साधारण १५ वॉट खाणारं छोटं यंत्र वर्षभर चालू ठेवलं तर १३१ युनिट लागतात. जुना डेस्कटॉप ६० वॉट खात असेल तर ५२५ युनिट. म्हणून अडगळीतलं यंत्र फुकट मिळालं तरी विजेचा आकडा आधी काढा. इन्व्हर्टर आपल्याकडे असतोच. राउटरही त्यावर घ्या, नाहीतर पहारेकरी जागा आणि फाटक बंद, अशी गत होते.

दुसरा कुलपाचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे हत्यार काय होतं? कारखान्यातून येणाऱ्या ठरावीक नावांची आणि पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी. लोकांनी ते बदलले नव्हते, बस्स. त्याच ताब्यातल्या यंत्रांनी २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या नामांकित वेबसाइट्स काही तास ठप्प केल्या. तेव्हा सर्व्हर थेट उघड्यावर ठेवू नका. बोगद्यातून फक्त घरच्यांना आत घ्या आणि सॉफ्टवेअर वेळच्या वेळी ताजं करत राहा.

तिसरा दुसऱ्या प्रतीचा. एकाच वेळी दोन डिस्कवर लिहायचं तंत्र १९८८ पासून रेड नावाने माहीत आहे. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं. पण चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसला जातो, आणि चोर आला तर दोन्ही नेतो. म्हणून छायाचित्रकारांचा तीन-दोन-एकचा नियम पाळा. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आमची दुसऱ्या गावची प्रत बडोद्याला आहे. दर सहा महिन्यांनी तिच्यातली एखादी फाइल उघडून बघतो. न उघडलेली प्रत आणि न झाडलेली बंदूक, दोन्हींचा भरवसा धरता येत नाही.

चौथा हिशेब सगळ्यात अवघड आहे, तो माणसाचा. तार स्वस्त झाली, पत्ता मिळाला, कुलूप फुकट झालं. घराबाहेर गेलेल्या सर्व्हरला परत आणायच्या सगळ्या अडचणी एकेक करून सुटल्या. एकच उरली. त्याच्याकडे लक्ष कोण देणार? शिकागोत स्यूस होता, सर्नमध्ये लाल शाईची चिठ्ठी लिहिणारा होता. घरातला सर्व्हर ज्याने उभारला तो गेला की महिन्याभरात घरचे वायर काढतात, कारण ते खोकं काय आहे हे कोणालाच माहीत नसतं. त्या दिवशी कुटुंबाचं दप्तर जातं. ऑर्कुटने निदान आधी सूचना तरी दिली होती.

फौजेत बदली झाली की 'हँडिंग-टेकिंग ओव्हर' होतं. जाणारा येणाऱ्याला प्रत्येक वस्तू दाखवतो, किल्ल्या मोजून देतो आणि दोघं कागदावर सही करतात. सही झाल्याशिवाय कोणी स्टेशन सोडत नाही. माझ्या सर्व्हरसाठी मी असा चार पानांचा कागद मराठीत लिहिला आहे. यंत्र कुठे आहे, बंद आणि चालू कसं करायचं, पासवर्ड कुठल्या पाकिटात आहेत, बडोद्याची प्रत कशी उघडायची. आणि शेवटी हेही, की सांभाळणं जमत नसेल तर सगळं एका डिस्कवर उतरवून घ्या आणि यंत्र खुशाल बंद करा. पहारा जबरदस्तीने कोणाच्या गळ्यात मारायचा नसतो. मुलगी दिवाळीत आली तेव्हा तिने तो कागद हातात धरून, मला एकही प्रश्न न विचारता, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मग आम्ही दोघांनी सही केली.

तुमच्या घरात सर्व्हर नसला तरी हा कागद आजच लिहायला घ्या. फोटो कुठे आहेत, पासवर्ड कुठे आहेत आणि तुमच्यानंतर ते कोण बघणार, एवढं त्यात असू द्या. लिहिताना अडलात तर या भागाखाली जरूर विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

जय हिंद.